आईने न मागितलेला वाफा

आईने हा वाफा मागितला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत ज्यांना ज्यांना मी त्याबद्दल सांगितलं, त्या सगळ्यांना "आईची फार इच्छा होती" असंच सांगत गेले.

आम्ही आदिलाबादच्या कडेला, कापूस बाजाराच्या पलीकडच्या एका नव्या कॉलनीत राहतो. मी सरकारी शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवते. नवरा मंचेरियलला कोळसा खाणीत नोकरीला आहे, तो रविवारी घरी असतो. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. त्याआधी पैनगंगेकाठच्या आमच्या गावात तिने तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात रोजाने काम केलं. निंदण, कापसाची वेचणी, ज्वारीची कापणी. त्या कामावर मी शिकले आणि शिक्षिका झाले. तिचे गुडघे मात्र गेले. खाली बसली की उठताना भिंत धरावी लागायची.

लहानपणी मी तिला माय म्हणायचे. नोकरी लागल्यानंतर कधीतरी आई म्हणायला लागले. नेमकं कधी ते आठवत नाही. तिने त्यावर काही म्हटल्याचंही आठवत नाही.

कॉलनीत आल्यावर तिला करमेना. मग हळूहळू ती संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर जाऊन बसायला लागली. तिथे तीन-चार बायका जमायच्या. त्यातली एक शेजारची तेलुगू बाई, जिला आम्ही सगळे अम्मा म्हणतो. आणि दुसरी, जिचा शब्द ओट्यावर चालायचा, ती सीमेवरच्या एका गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली. तिच्या मुलाने इथे घर बांधलं म्हणून ती इथे. गावी अजून तिचं बरंच शेत होतं आणि त्याचा उल्लेख तिच्या प्रत्येक बोलण्यात यायचा.

एकदा शाळेतून येताना मी ओट्याच्या मागच्या बाजूने येत होते. आई म्हणत होती, "आमच्या वावरात तं अशी जवारी व्हायची ना बाई, माणूस आत गेला तं दिसे नाई."

मी थांबले. आमचं वावर. आमच्याकडे वीतभरही जमीन कधी नव्हती. आई ज्या शेताबद्दल बोलत होती ते मालकाचं शेत होतं, आणि त्या ज्वारीत मीही लहानपणी तिच्यामागे फिरले होते. मी घरी आले. आम्ही बौद्ध आहोत हे ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण वावर होतं असं म्हटलं की बसण्याची जागा जरा वर सरकते, हे मलाही कळत होतं. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. मी वर्गात मुलांना श्रमाबद्दल बोलायचे, कष्टाची लाज बाळगू नका म्हणून सांगायचे, आणि माझीच आई अशी.

हा राग मी तेव्हा नीट पाहिला असता तर बरं झालं असतं.

त्याच उन्हाळ्यात शिक्षकांच्या आमच्या ग्रुपवर निरोप आला की प्रत्येकाने घरच्या परसबागेचा छोटा व्हिडिओ करून टाकावा, म्हणजे मुलांना दाखवता येईल. माझ्या घरी परसबाग नव्हतीच. मागच्या अंगणात दोन कुंड्या आणि कपड्यांची दोरी. मी मोबाईलवर शोधायला बसले आणि मला उंच वाफा सापडला. विटांनी चारी बाजू बांधून घ्यायच्या, आत माती भरायची, कमरेएवढ्या उंचीवर भाजी लावायची. वाकावं लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी फार चांगलं, असं त्यातला माणूस सांगत होता. माझ्या डोक्यात तिथेच सगळं जुळलं. आई, गुडघे, माती.

कंपाउंडच्या भिंतीच्या उरलेल्या विटा अंगणात पडल्या होत्या. एका रविवारी मी आणि नवऱ्याने त्या रचायला घेतल्या. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. व्हिडिओत विटा नुसत्या एकावर एक ठेवल्या होत्या, सिमेंट नाही, पाया नाही. आम्हीही तसंच केलं. जवळच एका प्लॉटवर घराचा पाया खणत होते, तिथून एक ट्रॉली काळी माती आणून टाकली.

आई दारात खुर्ची टाकून बघत होती. मातीचा ढीग पडल्यावर ती उठून आली. काठीच्या टोकाने ढेकूळ फोडलं, मग वाकता येत नव्हतं तरी वाकून एक मूठ उचलली आणि बोटांत चोळली.

"हे नुसती काळी भरशीन काय?"

"हो. चांगली आहे ना?"

"चांगली हाये. पण फुगते थे. पाणी पडलं का फुगते, उन्ह पडलं का फाटते. अर्धा मुरूम घाल याच्यात, वाळू घाल. अन् इटा नुसत्या काऊन ठेवून राह्यली? चिखलानं तरी जोड."

"आई, इंजिनियर लोकांनी करून दाखवलंय ते."

"त्याहीच्या गावात काळी माती हाये का?"

नवरा हसला. "ऐक ना त्यांचं," तो मला म्हणाला. "मुरूम काय, पुढच्या रविवारी आणतो मी."

पण मला घाई होती. पुढच्या रविवारपर्यंत थांबलं तर व्हिडिओ टाकायची मुदत निघून जाणार होती. मी म्हटलं, "ती शेतातली माती वेगळी, ही वाफ्यातली वेगळी." असलं काही नसतं. हे तेव्हाही मला माहीत होतं. आईने हातातली माती ढिगावर टाकली, तळहात पदराला पुसला आणि परत खुर्चीवर जाऊन बसली. 

मेथी, पालक, अंबाडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, असं सगळं मी पेरलं. वांग्याची आणि टमाट्याची रोपं बाजारातून आणली. चार-आठ दिवसांत मेथी वर आली आणि मी व्हिडिओ करायला बसले.

आता लिहिताना हात थांबतो ते इथे.

आई त्या दिवशी बाहेर जायच्या तयारीत होती. निळी, बारीक काठाची साडी नेसली होती, जी ती ओट्यावर जाताना नेसायची. मी तिला म्हटलं, "ही नको. ती जुनी नेस ना, गावाकडची. आणि वेचणीला जायचीस तसा डोक्याला फडका बांध."

"काऊन?"

"चांगलं दिसेल."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि पेटीच्या तळातून ते लुगडं काढून नेसून आली. फडका बांधला. मी तिला वाफ्याशी उभं केलं, मातीत हात घालायला सांगितलं, जरा वर बघायला सांगितलं, जरा हसायला सांगितलं. तीनदा करून घेतलं.

"कोणाले दाखवशीन हे?" तिने विचारलं.

"शाळेतल्या लोकांनाच. बाकी कुणाला नाही."

व्हिडिओवर मी माझ्या आवाजात बोलले. माझी आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात रोजमजुरी करत राबली. स्वतःचं म्हणावं असं एक वाफाभर रानही तिच्या नशिबात नव्हतं. आज या वयात तिला तिची हक्काची माती मिळाली आहे. असं काहीतरी. बोलताना माझाच गळा भरून आला होता, आणि तो भरलेला गळा छान रेकॉर्ड झाला आहे हे कळून मला बरंही वाटलं होतं.

ग्रुपवर कौतुकाचा पाऊस पडला. कुणी रडले म्हणाले, कुणी हात जोडले. मुख्याध्यापकांनी फोन केला. त्या भरात मी तोच व्हिडिओ माझ्या स्टेटसला ठेवला. माझ्या फोनमध्ये अर्धी कॉलनी होती. हे मला आठवलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण खरं असं आहे की बोट ठेवताना मला ओटा आठवला होता. क्षणभर. आणि मी बोट उचललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई ओट्यावरून लवकर परत आली. निळ्या साडीची घडी घालून पेटीत ठेवली आणि भांडी घासायला बसली, जी मी तिला कधी घासू देत नसे. तिसऱ्या दिवशी ती गेलीच नाही. चौथ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणाली, पाय दुखतात.

मला सांगितलं ते अम्माने. कुंपणापाशी येऊन, हळू आवाजात, तिच्या तेलुगू वळणाच्या हिंदीत. "टीचरम्मा, तुम्हारी अम्मा कू बहुत बुरा लगा."

शेतकरी घरातल्या त्या बाईच्या सुनेने स्टेटस पाहिलं होतं. तिने सासूला दाखवलं, सासूने फोन ओट्यावर आणला आणि सगळ्यांना दाखवला. आई समोर बसलेली असताना. मग ती म्हणाली होती, नेमके शब्द मला नंतर ओट्यावरच्याच दुसऱ्या एकीकडून कळले, "काहो बाई, तुमी तं आमाले सांगत होत्या आमचं वावर, आमचं वावर. इथं तं तुमची पोरगी सांगून राह्यली का तुमी लोकाच्या वावरात रोजानं जात होत्या. खरं कोणाचं समजावं?" बाकीच्या हसल्या. अम्मा हसली नव्हती म्हणे. तिला अर्धं कळलं नव्हतं, पण आईचा चेहरा कळला होता.

मी तशीच घरात गेले. आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. मला तिची माफी मागायला हवी होती. मी तिला भाषण दिलं.

"त्यात लाजण्यासारखं काय आहे? कष्ट केलेस तू, चोरी नाही केली. त्यांना ठणकावून सांगायचं की हो, गेले मी रोजाने आणि पोरीला शिकवलं."

आईने लसणाची पाकळी वाटीत टाकली.

"लाज नाई वाटत मले त्याची," ती म्हणाली. "पण सांगाचं होतं तं मी सांगतलं असतं. माहं होतं ना थे? तू काऊन सांगतलं?"

मी साली गोळा करायला लागले.

"अन् मी खोटं नोती बोलत," ती म्हणाली. "तीस वर्सं त्याच वावरात वाकली मी. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठं जवारी बारीक राह्यते, कुठून डुक्कर शिरते, हे मालकाले माहीत नोतं. माही वाट पाह्यत बसे थो, का बाई, आता काय पेरू सांग. मंग काय म्हणू मी त्या वावराले? लोकाचं वावर म्हणू?"

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. मी स्टेटस काढून टाकायला फोन उघडला, पण ते केव्हाच आपोआप निघून गेलं होतं.

त्यानंतर आमचं बोलणं चालू राहिलं. भात झाला का, गोळी घेतली का, आज शाळा कितीला सुटते. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काही वेगळं दिसलं नसतं. फक्त आई मागच्या अंगणात यायची नाही. कपडे वाळत घालायलाही मलाच सांगायची. भाजी मी तोडायचे, मी निवडायचे, आणि ती जेवताना "चांगली झाली" म्हणायची, जसं पाहुणा म्हणतो.

श्रावणात झड लागली. चार दिवस पाऊस थांबला नाही. शाळेतल्या पाच-सहा सहकाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं की रविवारी माझा वाफा बघायला यायचं. मुख्याध्यापकही येणार होते. शनिवारी संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा मी मागे जाऊन पाहिलं तर वाफ्याची लांब बाजू मधोमध पोटासारखी बाहेर आली होती. मी दोन फळ्या टेकवल्या. सकाळी उठून पाहते तर फळ्या आडव्या, विटा अंगणभर, आणि काळा चिखल वांग्याच्या झाडांसकट पसरलेला. आईने सांगितलं होतं तंतोतंत तसंच माती फुगली होती आणि नुसत्या रचलेल्या विटा तिने ढकलून दिल्या होत्या.

आवरायला वेळ नव्हता, आणि त्या रविवारी झडीमुळे नवराही घरी येऊ शकला नव्हता. दहा वाजता सगळे आले. मी चहा देण्यात वेळ काढला, इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या, पण शेवटी त्यांना मागे न्यावंच लागलं.  कुणीतरी हळहळलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "अरेरे, असं कसं झालं, मॅडम? माती कोणती भरली होती?"

 व्हिडिओत मी ही पद्धत सगळ्यांना समजावून सांगितली होती. दोघांनी तसे वाफे आपापल्या घरी करायला घेतले होते.

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. ती दाराशी उभी होती, चौकटीला धरून. कितीतरी दिवसांनी तिने अंगणाचा उंबरा ओलांडला होता.

"माही चूक झाली, सर," ती म्हणाली. "हे माही पोरगी म्हणत होती, मुरूम घालू, चिखलानं जोडू. मीच म्हटलं, नुसती काळीच भर. आमाले जुनी सवय ना. माह्यासाठी ऐकलं तिनं."

तिने ते इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाही खरं वाटलं. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुख्याध्यापकांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं जे मी व्हिडिओसाठी तिच्याकडून तीनदा करून घेतलं होतं.

मी तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. नाही सर, आईने मला बजावलं होतं, मी ऐकलं नाही. एवढंच. माझ्याकडे वेळ होता. सगळे माझ्याकडेच बघत होते.  मी खाली वाकून एक वीट उचलली आणि बाजूला ठेवली.

"असू द्या, आजी," एक तरुण शिक्षिका प्रेमाने म्हणाली. "जुन्या लोकांना या नव्या पद्धती कशा माहीत असणार?" सगळे हसले. वाईट हसू नव्हतं ते. आईही हसली.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. जिचं एक लहानसं खोटं मी चारचौघांत उघडं पाडलं होतं, तिने माझ्यासाठी चारचौघांत दुसरं खोटं बोलून मला झाकलं होतं. आणि ज्या एका गोष्टीत तिच्याइतकं जाणकार कुणी नव्हतं, तीच गोष्ट तिने माझ्यासाठी सोडून दिली होती. मातीतलं तिला काही कळत नाही असं माझ्या अंगणात ठरून गेलं, आणि मी उभी राहून ऐकलं.

बाहेर आले तेव्हा ती चिखलातून वांग्याचं एक रोप काढून मुळं बघत होती.

"माय," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडात अवघडला. "चुकलं माझं. तो व्हिडिओ, आणि आत्ताचंही. तू ओट्यावर काय सांगायचीस ते मी ऐकलं होतं. माहीत असून मी टाकला."

ती रोपाच्या मुळांचा चिखल झटकत राहिली. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. दोन्ही झालं नाही.

"माहीत असून?" तिने विचारलं.

"हो."

"हां," ती म्हणाली. रोप बाजूला ठेवलं आणि भिंत धरत आत गेली.  खरं सांगितल्यावर हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. फक्त एवढं झालं की आता ते तिलाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी नवऱ्याने मुरूम आणला. आई खुर्ची घेऊन मागे आली आणि न बोलावता सांगायला लागली. दोन घमेली काळी, दोन मुरूम, एक वाळू, एक शेणखत. मिसळताना ती काठीने दाखवायची आणि मी फावडं चालवायचे. विटा या वेळी सिमेंटने जोडल्या, खाली पाणी जायला भोकं ठेवली, आणि उंची तिने दीड फुटावर आणली. "जास्त कशाले पाह्यजे," म्हणाली. दीड फुटावर तिला उभं राहून हात पोचत नाही, वाकावं लागतं. मी ते बोलून दाखवलं नाही.

सोमवारी शाळेत मी मुख्याध्यापकांना गाठून सांगितलं की चूक आईची नव्हती, माझी होती, आईने आधीच सांगितलं होतं. ते हसले. "मॅडम, आईचा दोष स्वतःवर घेता. चांगलं आहे." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली. स्टाफरूममध्ये इतरांना सांगितलं, तर तेही तसंच समजले. ज्या दोघांचे वाफे अर्धवट होते त्यांना तरी मी मुरूम घालायला लावला.

शेतकरी घरातल्या बाईकडेही एकदा गेले होते. तिने चांगलं बसवलं, चहा दिला. मी विषय काढायच्या आधीच ती म्हणाली, "तुमची आई दिसत नाई आता. तब्येत बरी हाये ना?" मी हो म्हटलं आणि चहा संपवून परत आले. तिला काय सांगणार होते मी? आईचंच पुन्हा तिच्यापुढे मांडणार होते.

आई आता टाकीकडे जात नाही. दुपारनंतर ती कुंपणापाशी खुर्ची टाकते आणि पलीकडे अम्मा. एक वऱ्हाडी वळणाचं मराठी बोलते, दुसरी तेलुगू मिसळलेली हिंदी. अंबाडी निघाली की आई जुडी कुंपणावरून देते आणि अम्मा दुसऱ्या दिवशी त्या अंबाडीची गोंगूरा चटणी पाठवते. परवा मी वर्गपाठाच्या वह्या तपासत खिडकीशी बसले होते तेव्हा आई तिला हाताने दाखवून काहीतरी समजावत होती. ज्वारीची उंची असावी. मी खिडकी लावून घेतली आणि वह्या घेऊन पुढच्या खोलीत गेले.